टाचणी माझ्याखाली बसायची

मी शिंप्याचं टेबल बोलतोय. आपल्या तोंडाने आपली थोरवी सांगू नये असं म्हणतात. पण मला तोंडच नाही, त्यामुळे तो नियम मला लागू होत नाही. तेव्हा आज मी मनसोक्त फुशारकी मारणार आहे. कुणाला ती जास्त वाटली तर वाटो. ज्याच्या आडोशाला एक मोठं माणूस घडलं, त्याला एवढा हक्क असतो.

माझा जन्म दोन दरवाजांपासून झाला. गावातली एक जुनी इमारत पाडली, तिचे दोन दणकट दरवाजे सुताराने स्वस्तात उचलले आणि जोडून मला घडवलं. माझे पाय कापायच्या आधी त्याने घरात येऊन विचारलं, "वहिनी, उंची किती ठेवू? दादा चांगले उंच आहेत, त्यांच्या मापाने करतो."

"त्यांच्या मापाने कशाला?" आई म्हणाली. "ते शिवतात. कापते मी." आणि तिने आपल्या कमरेशी हात धरून दाखवला. "इथपर्यंत कर. वाकावं लागता कामा नये."

सुताराने मशीनवर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान न उचलता सांगितलं, "घरात कात्री तिची आणि शब्दही तिचा. कर बाबा सांगते तसं."

अशी माझी उंची एका बाईच्या मापाने ठरली. त्या काळी गावात दुसरं असं टेबल नव्हतं. माझ्या अभिमानाची सुरुवात इथूनच होते.

घर म्हणजे पुढची एक खोली आणि मागचं स्वयंपाकघर. पुढची खोली जवळजवळ सगळी मीच व्यापली होती. खिडकीशी बाबांचं शिलाई मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे आणि मधोमध मी. दिवसभर माझ्यावर खडूच्या रेघा उमटायच्या, कात्री करकरायची. दुपारी जाड कांबळं अंथरून इस्त्री फिरायची. संध्याकाळी तेच कांबळं झटकून घडी केलं की माझ्यावर ताटं मांडली जायची. जेवणं उरकली की थोरला मुलगा माझ्यावर अंथरूण टाकायचा आणि धाकटी मुलगी माझ्याखाली.

ती धाकटी म्हणजे टाचणी. पुढे सगळा देश तिला 'मोठ्या बाई' म्हणू लागला. पुस्तकांत तिचं नाव आलं, चौकांत पुतळे उभे राहिले. पण ते नाव मी कधी तोंडी, म्हणजे फळीवर, आणलं नाही. माझ्यासाठी ती टाचणीच.

हे नाव बाबांनी ठेवलं होतं. कापड बेतताना टाचण्या पडायच्या आणि त्या वेचायचं काम तिच्याकडे होतं. बाबांनी तिला दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक दिलं होतं. ती माझ्याखाली बसून ते जमिनीवर फिरवायची. टाचण्या टकटक करत चिकटल्या की खुदकन हसायची. आणि टाचणीसारखीच टोचायचीही. कुणाला काय विचारू नये हे तिला कधी कळलंच नाही.

कापड माझ्या कडेवरून खाली लोंबायचं, त्यामुळे ती आत आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नसे. तिलाही त्यांचे चेहरे दिसत नसत. दिसायचे ते फक्त पाय. माणसं ओळखायला ती पायांवरून शिकली. हे तिच्या एकाही चरित्रात नाही, कारण चरित्रं लिहिणाऱ्यांनी मला कधी विचारलंच नाही.

रात्री जेवताना ती बाबांना सांगायची, "ते काळे चकचकीत बूटवाले आहेत ना, ते खोटं बोलत होते."

"तुला गं काय माहीत?"

"कोट उद्याच हवा म्हणाले तेव्हा टाचांवर डुलत होते. त्यांना घाई नाहीये. नुसते तुम्हाला पळवतायत."

बाबांचा घास हातातच राहायचा. थोरला चिडवायचा, "बाबा, हिला ज्योतिषी करा. हात बघायच्याऐवजी पाय बघेल. दक्षिणा तीच!"

"आणि त्या तपकिरी चपलावाल्या मावशी," ती पुढे विचारायची, "त्या आत का नाही आल्या? उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. एक पाय दुसऱ्यावर ठेवून. चपलेचं भोक दिसू नये म्हणून."

यावर कुणी हसायचं नाही. पुढच्या वेळी त्या मावशी आल्या तेव्हा आईने दाराशी जाऊन त्यांना हाताला धरून आत आणलं.

गावात एक मोठी गिरणी होती. तिथल्या कामगारांचे गणवेश आमच्याकडे शिवले जायचे. माप घेऊन येणारा मुकादम दणकट होता, त्याचे बूटही तसेच. तो आला की फरशीवरून मला त्याचं प्रत्येक पाऊल जाणवायचं. कामाची पाळी सुटल्यावर गिरणीतल्या बायकाही यायच्या, उसवलेलं शिवून घ्यायला. त्यांचे पाय मी खालून पाहिलेत. घोटे सुजून गुळगुळीत झालेले, चपलांच्या पट्ट्यांचे वळ मांसात रुतलेले. टाचणी त्या वळांकडे टक लावून बघत बसायची.

एके दिवशी मुकादम आईला बाह्यांची लांबी समजावून सांगत होता. आई गणवेशाचं कापड कापत होती. इतक्यात माझ्या खालून आवाज आला.

"काका, तुमच्या गिरणीतल्या बायका कुठे बसतात?"

मुकादम दचकून मागे सरला. "अरेच्चा! टेबलाला वाचा फुटली की काय?"

"टाचणे, गप," आई म्हणाली.

"सांगा ना. कुठे बसतात?"

मुकादम वाकून हसला. "बसतात? बसायला त्या काय पाहुण्या आल्यात?"

गिऱ्हाईक राखायचं म्हणून बाबाही हसले. आई नाही हसली. तिची कात्री मध्येच थांबली. शिंपी कधी कात्री मध्येच थांबवत नाही. लांब कापड एका दमात कापायचं असतं, थांबलं की कडेला दात उमटतो. त्या दिवशी कापडाला दात पडला आणि तो आईला शिवणीत दडवावा लागला.

मुकादम गेल्यावर टाचणी बाहेर आली आणि आईच्या पायांशी बसली. आईचेही घोटे सुजलेले होते.

"आई, तू तरी का बसत नाहीस?"

"कापायला उभंच राहावं लागतं गं. बसून हात पोचत नाही."

"आणि कापत नसतेस तेव्हा?"

माझ्यावर आईचे दोन्ही तळवे टेकलेले होते. ती इतकंच म्हणाली, "सवय लागते, बाळा."

त्या उत्तराने टाचणीचं समाधान झालं नाही. पुढे साऱ्या देशालाही तिने ते उत्तर चालू दिलं नाही.

मोठी झाल्यावर ती स्वतः त्याच गिरणीत कामाला लागली. बाबा नको म्हणत होते. ती म्हणाली, "बाबा, मी सगळं खालून पाहिलंय. आता तिथे उभी राहून बघते." काही काळाने पाळी सुटल्यावर बायका आमच्याकडे उसवलेलं शिवायला नाही, बोलायला येऊ लागल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. मागच्यांना ऐकू जाईना, तेव्हा टाचणीने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यावर चढू लागली.

आई ओरडली, "पाय पुसून चढ! उद्या पांढरं कापड आहे त्याच्यावर!"

तिने मुकाट्याने पाय पुसले, चढली आणि बोलली. लोकहो, मोठ्या बाईंचं पहिलं भाषण माझ्यावर झालं. राजधानीतलं ते संगमरवरी व्यासपीठ नंतरचं. त्याला हवं तर नमस्कार करा, पण पहिला मान माझा.

मागणी साधी होती. प्रत्येक यंत्राजवळ एक स्टूल हवं. हात रिकामे असतील तेव्हा बसता यायला हवं. ती मान्य होईना, तेव्हा बायकांनी संप पुकारला. लोक हसले. "स्टुलासाठी संप! उद्या उशी मागतील, परवा पलंग!" हसणारे हसत राहिले आणि चळवळ गावोगाव पसरली. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली आल्या, दारावरचे पहारेकरी आले, भांडी घासणाऱ्या बायका आल्या. टाचणी तुरुंगात गेली, सुटली, पुन्हा गेली. तुरुंगातून सुटून घरी आली की आधी माझ्या कडेवर हात टेकवायची. तो तळवा मी अजून ओळखेन.

शेवटी कायदा झाला. उभं राहून काम करणाऱ्या प्रत्येकाला बसण्याचा हक्क मिळाला. पुढे देशाचा कारभारही लोकांनी तिच्याच हाती दिला.

मग ती एकदाच घरी आली. आई-बाबा तोवर गेले होते. घरात थोरला भाऊ, त्याची बायको आणि त्यांचा तरुण मुलगा, म्हणजे टाचणीचा भाचा. गाड्यांचा ताफा, रक्षक, फुलं, गलका. टाचणीचे केस पांढरे झाले होते. ती खोलीत आली, मला पाहिलं आणि सगळ्यांदेखत गुडघे टेकून माझ्याखाली शिरली. रक्षकांचा थरकाप उडाला. देशाच्या नेत्या टेबलाखाली! वाकून बघावं तर अपमान, न बघावं तर काळजी.

आतून आवाज आला, "अरे, या डावीकडच्या तपकिरी बुटांना विचारा, बूट चावतात का म्हणून?"

डावीकडचा रक्षक लाल झाला. "नाही बाई… म्हणजे, थोडेसे."

"मग उभा काय राहिलास? बस ना. मी काही पळून जात नाहीये."

सगळी खोली हसली. तो रक्षक बाबांच्या स्टुलावर बसला, आणि टाचणी बराच वेळ माझ्या पोटाशी बसून राहिली. मी आयुष्यात पुष्कळ ओझी उचलली. पण त्या वेळी माझ्यावर काहीही नव्हतं, तरी मी भरून गेलो होतो.

हे सगळं तो तरुण भाचा दाराशी उभा राहून बघत होता. पुढची गोष्ट त्याचीच आहे.

टाचणी गेली तेव्हा देशभर दुखवटा पाळला गेला. घराचं स्मारक झालं आणि भाचा त्याचा राखणदार झाला. लग्न, मुलंबाळं, नोकरी हे सगळं त्याने या घराभोवतीच केलं. कुणीही भेटलं की आधी म्हणायचा, "मी मोठ्या बाईंचा भाचा." म्हणता म्हणता म्हातारा झाला, तरी लोक त्याला भाचेबुवाच म्हणतात.

भाचेबुवांचं माझ्यावर जिवापाड प्रेम. सकाळी मऊ फडक्याने पुसतात. माझ्या पायाला वाळवी लागली तेव्हा लहान मूल आजारी पडावं तसे कासावीस झाले होते. पण माया आंधळी असते, आणि भाचेबुवांची माया पाट्या रंगवते. टाचणी ज्या बाजूने माझ्याखाली शिरली होती, नेमका त्याच बाजूला त्यांनी जाड दोर बांधला. मग सुबक अक्षरांत पाट्या आल्या. माझ्यावर 'हात लावू नये'. मशीनवर 'फिरवू नये'. भिंतीवर 'टेकू नये'. खिडकीवर 'डोकावू नये'. आणि बाबांच्या स्टुलावर, आईच्या खुर्चीवर, दाराजवळच्या बाकावर, एकजात सगळीकडे, 'बसू नये'.

बघायला येणारी माणसं थकायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायची, आणि निघून जायची. भाचेबुवा स्वतःही दिवसभर ताठ उभे. कुणी म्हटलंच, "बुवा, जरा टेका," तर म्हणायचे, "मोठ्या बाईंच्या घरात मी बसू? शोभतं का?" चूक कुणाच्याच ध्यानात येत नव्हती. भक्ती फार झाली की जिची भक्ती करायची तिचं ऐकू येईनासं होतं, हे मी डोळ्यांदेखत पाहिलं. मला बोलता येत असतं तर मी केव्हाच ओरडलो असतो.

गेल्या वर्षी राजधानीत मोठं संग्रहालय उभं राहिलं. स्मारक समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. या बाई तरुणपणी टाचणीबरोबर काम केलेल्या, तुरुंगातही एकत्र. फोन आटोपल्यावर भाचेबुवा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "तुला न्यायचं म्हणतायत रे. काचेच्या पेटीत. आणि घराला कुलूप लावायचं. इथे हल्ली येतं कोण, म्हणाल्या. शाळेतली पोरं येतात, तीही जांभया देत."

घर बंद झालं तर या माणसाकडे उरणार काय? मला काच मिळाली असती, त्यांना कुलूप.

त्यांनी अध्यक्षांना विनवलं, एकदा तरी येऊन बघा, मग ठरवा. त्या यायला तयार झाल्या. पण येताना सामान वाहणारा टेम्पोही बरोबर आणला. टेम्पो दारात उभा आणि त्याच वेळी समोरून एका शाळेची सहल आली. पोरांची रांग, पुढे एक तरुण सर.

भाचेबुवांनी सरांना बाजूला घेतलं. "सर, आज घराची परीक्षा आहे. पोरांना सांगा, शिस्तीत राहा. हात नाही, आवाज नाही, प्रश्न नाही."

सर म्हणाले, "बुवा, ही पाचवीची पोरं आहेत. प्रश्न नाही म्हटलं की यांना प्रश्नच सुचतात."

"आज एवढं सांभाळा हो."

मुलं दोरापाशी उभी राहिली. अध्यक्षा मागे, भिंतीला न टेकता. भाचेबुवांनी छाती पुढे काढून पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "या पवित्र वास्तूत मोठ्या बाईंच्या बालपणाचा तेजस्वी उषःकाल उजळला…" ऐकायला भारी होतं. मुलं मात्र कंटाळून गेली. एक गोलमटोल मुलगा पुटपुटला, "सर, उषःकाल म्हणजे ती पंख्यांची कंपनी?" सर खोकल्याचं निमित्त करून हसले. मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळात बघितलं. भाचेबुवांनीही ते पाहिलं आणि त्यांचा आवाज अडखळला.

तेवढ्यात एका मुलीच्या केसातली क्लिप सुटली, टणकन फरशीवर पडली आणि घसरत माझ्याखाली गेली. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं, अशी ती मुलगी. तिने पाटी वाचली नाही, परवानगी मागितली नाही. दोराखालून सुळकन माझ्याखाली!

"ए! ए पोरी! बाहेर ये!" भाचेबुवा ओरडले.

आतून आवाज आला, "आईशप्पथ! आत केवढी जागा आहे!"

मग कोण थांबतं! गोलमटोल घुसला, त्याच्यामागे आणखी चार-पाच. दोर लोंबला, एक पाटी पडली. भाचेबुवांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या लेखी परीक्षेत शून्य मिळालं होतं. सर दोघांचे पाय धरून ओढू लागले. पण अध्यक्षा म्हणाल्या, "थांबा, सर. राहू द्या."

माझ्याखाली किती तरी वर्षांनी मुलांचे श्वास होते. केसांना तेलाचा, शर्टांना घामाचा वास. लाकडाला शहारे येत नाहीत म्हणतात. येतात.

"इथून नुसते पाय दिसतात!" वेण्यांवाली म्हणाली.

"हे सरांचे," गोलमटोल म्हणाला. "सर, लेस सुटलीय. आम्हाला ओरडता आणि स्वतः!"

सर खाली वाकून गुपचूप लेस बांधू लागले. खोलीत खसखस पिकली.

"या निळ्या चपला बाईंच्या. त्यांना जायची घाई आहे. अंगठा सारखा दाराकडे वळतोय," वेण्यांवाली म्हणाली.

अध्यक्षांनी पटकन पाय जुळवले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. हे बोलणं त्यांनी पूर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असणार.

मग आतला आवाज एकदम खाली आला. "आणि हे आजोबांचे. ए, बघ ना. केवढे सुजलेत."

"आजोबा," गोलमटोलने डोकं बाहेर काढलं, "तुमचे पाय दुखतायत."

"छे, छे. मला सवय आहे."

"खोटं. तुम्ही मघापासून एकेक पाय उचलताय. बसत का नाही?"

"इथे बसत नाहीत, बाळ."

"का?"

"लिहिलंय ना तिथे."

"कुणी लिहिलं?"

"मी," भाचेबुवा म्हणाले.

वेण्यांवाली माझ्या कडेखालून बाहेर आली आणि खरोखरच गोंधळून म्हणाली, "पण सरांनी येताना सांगितलं, या बाईंनी सगळ्यांना बसायला मिळवून दिलं. मग त्यांच्याच घरात बसायचं नाही?"

मुकादमाच्या हसण्यावर आईची कात्री थांबली होती, तशी खोली थांबली. भाचेबुवांनी एकेक पाटी पाहिली, जणू ती आज पहिल्यांदाच वाचत होते. स्टुलावर. खुर्चीवर. बाकावर. स्वतःच्याच सुंदर अक्षरात. म्हातारा माणूस सगळ्यांसमोर रडला तर काय करायचं हे मुलांना कळत नाही.

अध्यक्षा पुढे आल्या. त्यांचा आवाज करडा होता, पण डोळे तसे नव्हते. "बुवा, मोठ्या बाई आज असत्या ना, तर त्यांनी पहिला मोर्चा याच घरावर आणला असता."

"आणला असता," भाचेबुवा रडता रडता हसले. "आणि घोषणा द्यायला मलाच पुढे उभं केलं असतं."

"उभं नाही. बसवलं असतं."

भाचेबुवा आईच्या खुर्चीपाशी गेले. पाटी काढली. दोन्ही हात टेकवून, इतक्या वर्षांच्या उभं राहण्यावरून हळूहळू खाली येत, बसले. खुर्ची कुरकुरली. मला धडकी भरली. पण ती जुन्या माणसांची खुर्ची होती, निभावली. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि मुलांना म्हणाले, "बसा रे सगळे. कुठेही बसा. तुम्हाला एका रक्षकाच्या बुटांची गोष्ट सांगतो."

मग त्यांनी सांगितलं. 'उषःकाल' नाही, 'वास्तू' नाही. टाचणी कशी वाकली, कशी आत शिरली, रक्षक कसा लाल झाला. मुलं पोट धरून हसली. अध्यक्षा बाबांच्या स्टुलावर बसल्या होत्या. तुरुंगात टाचणी घोरायची कशी ते त्यांनी मध्येच सांगून टाकलं. "हे सरकारी पुस्तकात घालू नका हं," असंही बजावलं. सर खाली मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक पोर पेंगत होतं.

मुलं गेल्यावर टेम्पोवाला दारात आला. "बाई, टेबल कधी उचलायचं?"

"टेबल नाही," अध्यक्षा म्हणाल्या. "टेबल इथेच राहील आणि घर उघडं राहील. तू ह्या पाट्या घेऊन चल."

"पाट्या?"

"सगळ्या. राजधानीत काचेच्या पेटीत लावायच्या. खाली लिहायचं, की ज्या बाईने आपल्याला बसवलं, तिच्या घरात आपण या पाट्या लावल्या होत्या. आणि एका पाचवीतल्या मुलीने त्या उतरवल्या."

भाचेबुवा क्षणभर ओशाळले. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, अक्षर कुणाचं तेही लिहाल?"

"लिहीन हो बुवा. तेवढी हौस फिटू दे."

माझ्या आयुष्यात अभिमानाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, पण टेम्पो मला न घेता निघाला तेव्हाचा अभिमान वेगळा होता. तोवर मी टाचणीमुळे मोठा होतो. त्या दिवशी कळलं, तिने जे सुरू केलं ते माझ्याखाली अजून सुरू आहे.

आता घरात गर्दी असते. सुटीच्या दिवशी गावातली एक शिंपीण मुलांना माझ्यावर कापड बेतायला शिकवते. परवा एका मुलाची कात्री निसटली आणि माझ्या फळीवर ताजा ओरखडा उठला. खोलीतल्या सगळ्यांनी खुर्चीतल्या भाचेबुवांकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "कात्री मध्येच थांबवू नकोस. चालू दे."

तेव्हा माझी तुम्हाला विनंती आहे. या घरात याल तेव्हा मुलांना घेऊन या. त्यांना गप्प करू नका. माझ्यावर हात ठेवा, कोपर टेका, ओरखडा पडला तर पडू द्या. मोठ्या माणसांचे पुतळे चौकात आहेत. त्यांच्याकडे मान वर करून बघावं लागतं. मी पुतळा नाही, टेबल आहे. मला बघायचं असेल तर वाकून खाली शिरा, आणि तिथून आपल्याच माणसांचे पाय एकदा नीट बघा.